वर्षश्राद्धाचे तांदूळ

आईचं वर्षश्राद्ध ऐन आषाढात आलं. विधी घरच्या घरी झाले. गावजेवणाला म्हणून काढून ठेवलेले बारा हजार मात्र तसेच राहिले, कारण त्या आठवड्यात पावसाने मांडव घालू दिला नाही. भाऊ मुंबईहून फोनवर म्हणाला, "या पैशांचं धान्य घे आणि ज्याच्याकडे चूल पेटत नाही त्याला दे." सोपं वाटलं. पण सिंधुदुर्गातल्या आमच्या या किनाऱ्यावरच्या गावात चूल कोणाची पेटत नाही, हे मला कुठे ठाऊक होतं? ज्याला विचारावं तो एकच सांगे: "कोकणात उपाशी कोण रवता गो? परड्यात माड आसा, दर्यात मासो आसा."

दर्यात मासा असेल, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. एरवी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं, ओढायला गेलं, दोरीला हात लावला, की चार पेडवे, दोन बांगडे वाट्याला येतात. एकट्या म्हातारीलाही येतात, आणि त्याला कोणी भीक म्हणत नाही. पावसाळ्यात ती दोरीच नसते.

शेवटी आरोग्य खात्याच्या आशाताईला गाठलं. ती घरोघर फिरते, कोणाच्या गोळ्या संपल्या आणि कोणाच्या डब्यात काय आहे हे तिला दिसतं. तिने आधी चार नावं सांगितली, मग जरा थांबून आणखी दोन. रात्री फोन करून आठ. एकूण चौदा घरं. त्यातली सहा माझ्या रोजच्या वाटेवरची! बहुतेक ठिकाणी एकटी बाई, मुलगा मुंबईत किंवा कुठेच नाही.

मग मी जे केलं त्याची आता लाज वाटते. बाजारात गेले आणि 'किट' बांधून घेतलं: गव्हाचं पीठ, तूरडाळ, पोहे, साखर, चहा पावडर. टीव्हीवर पुराच्या वेळी बघितलेलं डोक्यात होतं. टेम्पोने आलेला माल पडवीत रचला. चार दिवसांनी वाटायला काढला तर पोहे सादळलेले आणि पिठाच्या दोन पिशव्यांत पोरकिडे.

पहिलंच घर एका काकींचं. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी पिशवीत हात घातला, पीठ बाहेर काढलं आणि माझ्याकडे बघितलं. "चपात्यो कोण लाटतलो गो? माजे हात बघ." बोटं वाकलेली. दातही नाहीत. तूरडाळ शिजायला वेळ लागतो, गॅस संपलेला, लाकडं भिजलेली. त्यांना सकाळी पेज लागते आणि दुपारी कुळथाच्या पिठीबरोबर भात. माझ्या किटमध्ये उकडा तांदूळ नव्हता आणि कुळीथही नव्हते. माझी आई रोज पेज प्यायची, आणि मी तिच्या नावाने गव्हाचं पीठ घेऊन दारात उभी!

वर त्या म्हणाल्या, "आणि माका फुकटचा नको. कोणी सांगलान तुका, मी उपाशी आसय म्हणान?" पिशवी माझ्याच हातात परत आली.

दुसऱ्या दिवशी रेशन दुकानदाराकडे गेले. काकींचं कार्ड अंत्योदयाचं, म्हणजे महिन्याला ३५ किलो धान्य, तेही जानेवारी २०२३ पासून फुकट. मग अडतंय कुठे? दुकानदाराने मशीन पुढे सरकवलं. "थम लागत नाय त्यांचो." जन्मभर कोयता चालवलेल्या, नारळाची सोडणं सोललेल्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. ओटीपी येतो तो मुलाच्या मुंबईच्या नंबरवर, आणि तो नंबर बंद. दोन महिने काकींनी नुसत्या फेऱ्या मारल्या, मग जाणंच सोडलं. चौदांपैकी पाच घरांची हीच गोष्ट निघाली. म्हणजे या पाच घरांत माझ्या पिशवीपेक्षा मोठी गरज एका अर्जाची होती. तालुक्याला पुरवठा शाखेत अर्ज देऊन त्यांच्या वतीने थम लावायला शेजारच्या माणसाचं नाव घालता येतं. पाचही अर्ज मी भरले. दोन फेऱ्या, बारा झेरॉक्स. पहिल्या फेरीत एका अर्जावर सही राहिली होती, ती चूक माझीच.

चांगल्या उरलेल्या पिठाला चिरेखाणीवर गिऱ्हाईक मिळालं. पावसात खाणी पाण्याने भरतात, कामगार कर्नाटकात आपल्या गावी जातात. दोन कुटुंबं मात्र पत्र्याच्या शेडमध्ये थांबली होती, त्यातल्या एका बाईचे दिवस भरत आले होते. त्यांना भाताचा कंटाळा आलेला, पीठ बघून ती हसली. तिच्या नवऱ्याच्या मोबाईलमध्ये त्यांच्या गावच्या रेशनकार्डाचा फोटो होता. ते कार्ड इथेही चालतं हे त्याला माहीत नव्हतं. आमचा दुकानदारही आधी "बाहेरचा कार्ड चलाचा नाय" म्हणाला. मी हटून बसले. नंबर घातला, अंगठा ठेवला आणि मशीनने पावती काढली. माणशी ५ किलो, चार माणसं. दुकानदाराने पावती दोनदा वाचली.

निम्मे पैसे किटमध्ये बुडाले होते. भावाने आणि त्याच्या दोन मित्रांनी आणखी घातले. एका मित्राला वाटताना काढलेला फोटो हवा होता. मी त्याला पोत्यांचा फोटो आणि दुकानाचं बिल पाठवलं. तो जरा नाराज झाला, मग गप्प झाला. या खेपेला घरटी दहा किलो उकडा तांदूळ, किलोभर कुळथाचं पीठ, तेल, मीठ, कांदे आणि कोकमं घेतली. शिवाय आमच्या परड्यातल्या सुक्या करवंट्या आणि सोडणं पोत्यात भरून, कारण विस्तवाशिवाय तांदूळ काय कामाचे? पडवीत ठेवायचं नाही, आणलं त्याच संध्याकाळी पोचवायचं.

काकींकडे कसं जायचं याचा मात्र बराच विचार केला. त्यांच्या ओट्यावर चुडतांचा, म्हणजे माडाच्या झावळ्यांचा, ढीग होता. म्हटलं, "काकी, अंगण झाडूक खराटो नाय माझ्याकडे. हीर काढून बांधून द्याल? पैसे नाय, तांदूळ देईन." त्या कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. सगळं कळलं होतं त्यांना. मग म्हणाल्या, "ठेव थयसर."

पंधरा दिवसांनी निरोप आला म्हणून गेले. चार खराटे बांधून भिंतीला टेकवून ठेवले होते, हीर एकसारखे तासलेले, मुठीला काथ्या आवळलेला. शेजारणीच्या अंगठ्यावर त्यांचं रेशनही सुरू झालं होतं. मी निघताना त्यांनी हाक मारली.

"पुढच्या वेळेक कुळीथ आख्खे हाड. पीठ मी जात्यावर काढीन. तुझ्या गिरणीवाल्यान करपवल्यान ते."