उमरेड रस्त्यावरच्या तलावाचा तळ

नागपूरचं लग्न थाटात झालं, हुरडा झाला, सावजी रस्साही झाला. पण लिहावंसं वाटतंय ते उमरेड रस्त्यावरच्या एका तलावाबद्दल.

फेब्रुवारीत तिथलं पाणी बरंच मागे सरकलेलं असतं. सगळे दुर्बिणी लावून पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस, बघत होते. मीही पाहिले, देखणेच पक्षी! पण पाळीवरून खाली उतरले तर पायाखालची जमीन फिकट गुलाबी. तिथेच बसकण मारली.

पॉलिगोनम प्लेबियम. आपल्या आंबट चुक्याच्या कुळातलं, एका वर्षात आयुष्य संपवणारं रोप. एका सोटमुळाभोवती फांद्या चहूकडे पसरतात, जमीन सोडत नाहीत. पानं अरुंद, जेमतेम सेंटिमीटरभर, तरी बहुतेक पेरांपेक्षा लांब. दोन पेरांच्या प्रत्येक सांध्याशी खोडाला चंदेरी, पारदर्शक वेष्टन, कडेला झालरीसारखं फाटलेलं. भिंगातून ते बघताना मला नेहमी भरून येतं. पानांच्या बेचक्यात पाच पाकळ्यांची इवली गुलाबी-पांढरी फुलं. फळ तिधारी, चकचकीत; पॉलिगोनम अविक्युलर या जवळच्या जातीचं फळ निस्तेज असतं, म्हणून ओळख पटवायला मी फळच बघते. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने १८१० मध्ये प्लेबियम या जातीला नाव दिलं ते ऑस्ट्रेलियातल्या वनस्पतींवर लिहिताना, आणि ती इथे विदर्भाच्या काळ्या गाळातही सुखाने नांदते.

बकऱ्या घेऊन निघालेले एक काका थांबले. “काय पाहून राहिली वो ताई?” भिंग त्यांच्या हाती दिलं. “हे तं आमच्या बकऱ्या खातेत,” म्हणाले, आणि बराच वेळ वाकून बघत राहिले.

तेवढ्यात एक गाडी थेट तळात उतरली. फोटो जवळून हवे होते! कादंब उडाले, ओल्या गाळात चाकांचे खोल चर पडले, फुललेली रोपं चिरडली. हटकलं तर उत्तर आलं, “रिकामी जागा आहे, मॅडम.”

रिकामी कशी? पाणी ओसरल्यापासून ओल आटेपर्यंत जे थोडे महिने मिळतात, त्यातच या रोपाला उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं असतं. पावसाळ्यात तलाव भरला की पुन्हा सगळं पाण्याखाली. कादंबही काठच्या याच हिरवळीवर चरतात. ज्यांच्यासाठी गाडी घातली त्यांचंच ताट तुडवलं! माझा राग अजून गेलेला नाही.

जाणार असाल तर गाडी पाळीबाहेर ठेवा आणि खाली चालत उतरा. दुर्बिणीसोबत दहा पट मोठं दाखवणारं भिंगही असू द्या.