पाठमोरी वाळू

वाळूशिल्पं बघायला गेलो आणि निम्मा वेळ त्यांच्या पाठी बघत बसलो, असं घरी सांगितलं तेव्हा ताई एवढंच म्हणाली, "तुला कुठेही न्या." पण यात माझा दोष थोडा, गर्दीचा जास्त.

निघायचं पहाटे, असं आदल्या रात्री ठरलं होतं. आदल्या रात्री ठरलेल्या गोष्टींचं जे होतं तेच झालं आणि आम्ही किनाऱ्यावर उतरलो तेव्हा ऊन चांगलं डोक्यावर आलं होतं. दोरी बांधून आखलेल्या वाटेवर माणसांची रांग. दहा-बारा शिल्पं, रस्त्याकडे तोंड करून ओळीने मांडलेली. एक हत्ती, एक कासव, एक भलामोठा म्हातारा, कुठल्याशा काल्पनिक किल्ल्याचे बुरूज आणि एक जलपरी. जलपरी हवीच, असा या कलेत लेखी नियम असावा. प्रत्येक शिल्पापुढे रांग थांबायची, मंडळी त्याच्याकडे पाठ करायची, फोन वर धरायची, हसायची आणि पुढे सरकायची. शिल्प कोणी बघत असलंच तर फोनमधून आणि तेही स्वतःच्या खांद्यावरून.

"मामा, मला नुसत्या पाठी दिसतायत," भाची म्हणाली. वय वर्षं नऊ, उंची त्या मानाने कमी. तिला खांद्यावर बसवायचे दिवस गेले. तिचेही आणि माझ्या खांद्यांचेही. मग म्हटलं, पाठीच बघायच्या तर त्या शिल्पांच्या बघू. दोरीला वळसा घालून आम्ही समुद्राच्या बाजूला गेलो.

तिकडे कोणीच नव्हतं.

म्हाताऱ्याला पाठच नव्हती. समोरून त्याच्या कपाळावरच्या आठ्या मोजता येत होत्या, दाढीचा केस न् केस सुटा होता. मागून तो म्हणजे दोन पुरुष उंचीची एक भिंत. त्या भिंतीवर वीतभर जाडीचे आडवे पट्टे होते, एकावर एक. जरा वेळ बघितल्यावर कळलं, हे थर आहेत. एवढी वाळू टाकली, पाणी ओतलं, धुम्मसाने चेचली, मग पुढचा थर. आणि खालच्या बाजूला फळ्यांच्या लाकडाच्या रेषा वाळूवर जशाच्या तशा उमटल्या होत्या. ते मी अक्षरशः गुडघ्यांवर बसून बघितलं. लाकडातल्या गाठीचा डोळा, एका खिळ्याचं डोकं, सगळं. वर चढायला चार खाचा कोरलेल्या होत्या आणि सगळ्यात वरच्या खाचेत अनवाणी पायाची पाच बोटं स्पष्ट दिसत होती.

स्लॅब घालताना शटरिंग करतात तसाच हा प्रकार असतो. फळ्यांची चौकट उभी करायची, ती ओल्या वाळूने ठासून भरायची, तिच्यावर जरा लहान दुसरी चौकट, मग तिसरी. सगळं भरून झालं की वरची चौकट आधी काढायची आणि कोरत कोरत खाली यायचं. उलटं चालत नाही, कारण वरून गळणारी वाळू खालचं केलेलं काम बुजवून टाकते. एकदा म्हाताऱ्याच्या हनुवटीपर्यंत आलात की कपाळाकडे सहसा परत जाता येत नाही. तिथे उभं राहायला चौकटच उरलेली नसते. मला हे भयंकर वाटलं. मी चार ओळींचं पत्र लिहितो तेव्हा पहिली ओळ सगळ्यात शेवटी दुरुस्त करतो.

कोरण्याचं कौतुक सगळे करतात आणि ते करावंच. पण अर्धं शिल्प चेचण्यात आहे, असं त्या भिंतीपुढे बसून माझं पक्कं मत झालं. समोरची पापणी ज्याने कोरली त्याचं नाव फलकावर होतं. धुम्मस मारणाऱ्याचं नव्हतं. त्याची म्हणून जी काही सही होती, ती इथे मागे होती, पाच बोटांची.

भाचीला थरांमध्ये रस नव्हता. तिने एव्हाना बाजूला स्वतःचं काम सुरू केलं होतं, म्हणजे वरची गरम, कोरडी वाळू ओंजळीने ओतून एक ढीग केला होता. ढीग काही केल्या उंच होईना. ओतलेली प्रत्येक ओंजळ घरंगळून पायथ्याशी. कोरडी वाळू एका ठरावीक उतारालाच टिकते, साधारण तीस-पस्तीस अंशांच्या. त्याहून उभी केली की तिची ती खाली येते. हे मी तिला समजावून सांगायला लागलो आणि तिने, नऊ वर्षांच्या मुली करतात तसं, माझ्याकडे साफ दुर्लक्ष केलं.

तेवढ्यात पाठीवर फवारणीचा पंप अडकवलेला एक दादा आला. पिकांवर औषध मारायला वापरतात तसला पंप. तो भाचीजवळ थांबला आणि म्हणाला, "वरची नको घेऊस. कोपरापर्यंत हात जाईल एवढं खण." तिने खणलं. खालून गडद, गार वाळू निघाली. "आता मूठ आवळ. सोड. गोळा झाला? तळहातावर इकडून तिकडे घरंगळव." गोळा घरंगळला आणि फुटला नाही. "ही चालेल," तो म्हणाला आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर फवारा मारायला गेला. मी ज्यावर दहा मिनिटं व्याख्यान देत होतो ते त्याने एका मुठीत आटपलं.

पंपात पाणी आणि थोडा पातळ केलेला डिंक असतो, हे त्यानेच नंतर सांगितलं. वाळूला उभं धरतं ते पाणीच. दोन कणांच्या मध्ये पाण्याचा बारीकसा पूल तयार होतो आणि पृष्ठताणामुळे तो दोन्ही कणांना आपल्याकडे ओढून धरतो. कमी पाण्यात पूल होत नाहीत, फार पाण्यात मधली सगळी जागाच भरून जाते आणि वाळूची पेज होते. गंमत म्हणजे यासाठी लागणारं पाणी अगदी थोडं असतं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूचे खांब प्रत्यक्ष उभे करून बघितले, तर घनफळाच्या एक टक्क्याच्या आसपास पाणी असताना खांब सगळ्यात उंच टिकले. एक टक्का! मोठ्या शिल्पासाठी घमेली-बादल्या भरून पाणी ओततात, पण ते कणांना जवळ बसवायला. बरंचसं निथळून जातं आणि मागे हे एवढेसे पूल उरतात.

त्याच अभ्यासातलं दुसरं गणित मला जास्त आवडलं. खांब दुप्पट उंच हवा असेल तर तळाची त्रिज्या दुप्पट करून भागत नाही, ती पावणेतीनपटीहून जास्त करावी लागते. म्हणून जगातली विक्रमी वाळूशिल्पं बघा, सगळी डोंगरासारखी पसरट. डेन्मार्कमध्ये ब्लोखुस गावी 2021 साली 21.16 मीटर उंचीचं शिल्प उभं केलं होतं, जवळजवळ पाच हजार टन वाळूचं. त्याचा आकारही शंकूसारखाच होता, आणि वाळूत दहा टक्के चिकणमाती मिसळली होती. हल्ली उंचीचे विक्रम फार झालेत. सात मजली वाळू बघून मान दुखते, हा माझा वैयक्तिक आक्षेप.

चौकटीशिवाय करायची असली तर मात्र वाळू आडवी पडते. ओडिशातल्या पुरीच्या किनाऱ्यावरची शिल्पं फोटोत आठवून बघा: चेहरा असो की हत्ती, तो बहुतेकदा उतारावर रेलून आकाशाकडे बघत असतो. आधी फावड्याने ढीग करायचा आणि त्याच्या समोरच्या उतारावर कोरायचं, अशी ती घडण. सुदर्शन पटनायक यांना 2014 साली याच कलेसाठी पद्मश्री मिळाली. कवी बलराम दासांची आख्यायिकाही तिथलीच: रथयात्रेत रथावरून अपमान करून उतरवल्यावर ते किनाऱ्यावर गेले आणि त्यांनी वाळूचा रथ करून पूजा मांडली, देव इकडचा रथ सोडून तिकडे गेले. ही कथा मी फार पूर्वी ऐकली होती, पण त्या भिंतीमागे बसल्यावर पहिल्यांदा प्रश्न पडला, की बलराम दासांनी रथ मागूनही पुरा केला असेल का? दर्शनाला येणारा समोरून येतो. पण बसणारा मागे टेकतो. मला वाटतं केला असणार.

आमच्यासमोरची रांग सरकत होती आणि पलीकडून दर थोड्या वेळाने तेच वाक्य ऐकू यायचं: "शेवटी काय, एक लाट आली की सगळं संपलं." कोणीतरी सुस्कारा टाकायचं, कोणीतरी "आयुष्यही असंच" म्हणायचं. पंपवाल्या दादाला विचारलं, तर तो हसला. लाट येणारच नाही म्हणाला, भरतीची रेघ बघूनच जागा धरलेली असते. खरं भय उन्हाचं आणि वाऱ्याचं. ऊन वरचा पापुद्रा सुकवतं, पूल तुटतात, मग वारा एक एक कण उचलून नेतो. पाऊस आणि "हात लावू नये" वाचून मगच हात लावणारी माणसं, ही त्यानंतर. जपानमध्ये तोत्तोरीला वाळूशिल्पांचं संग्रहालयच आहे, 2012 पासून छपराखाली. तिथे नुसती वाळू आणि पाणी वापरतात, आणि प्रदर्शन संपलं की शिल्पं मोडून त्याच वाळूत पुढचं करतात. म्हणजे लाटेची वाट न बघता माणसंच फावडं मारतात. तो क्षण बघायला मिळाला तर मी तिकीट काढून जाईन.

ऊन उतरल्यावर गर्दी पांगली आणि आम्ही पुन्हा पुढे गेलो. म्हाताऱ्याचा एक डोळा अजून बाकी होता. शिल्पकार बाई शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून पापणीखालची घडी कोरत होत्या. हत्यार म्हणजे जुन्या चमच्याचा घासून घासून पातळ केलेला दांडा. दोनदा ओढायचा, मग तोंडातल्या स्ट्रॉने फुंकर घालून सुटे कण उडवायचे, पुन्हा दोनदा. फुंकर इतकी हलकी की आधी मला वाटलं, नुसताच श्वास घेतायत. मध्येच घडीच्या टोकाचा तांदळाएवढा तुकडा सुटला. आम्ही दोघांनीही "अरेरे" म्हटलं. बाईंनी मान तिरकी करून क्षणभर बघितलं आणि तिथून एक नवीन सुरकुती सुरू केली. तीच नंतर मला साऱ्या चेहऱ्यात सगळ्यात खरी वाटली.

"तुमच्या म्हाताऱ्याला पाठ नाहीये," भाची त्यांना म्हणाली. मी तिचा हात दाबला, पण उशीर झाला होता.

"आहे की," बाई स्ट्रॉ काढून म्हणाल्या. "पण ती करत बसले तर तोंडासाठी वेळ उरत नाही."

यावर भाचीने थोडा विचार केला आणि आपल्या जागी परत गेली. खालच्या ओल्या वाळूचा तिचा ढीग आता गुडघ्याच्या वर आला होता. त्याला चार पाय आणि एक शेपूट फुटली होती. ते नेमकं काय आहे हे विचारायचं धाडस मी केलं नाही. तिने आधी शेपूट पुरी केली. शेपटीवर खवले, खवल्यांच्या मधल्या रेघा, टोकाला शंख. तोंडाकडे ती पोचलीच नाही, कारण निघायची वेळ झाली.

रात्री घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. समोरून काढलेल्या म्हाताऱ्याला सात अंगठे आणि दोन हात जोडलेले आले. मग मी मागच्या भिंतीचा टाकला, त्या खाचांचा, फळीच्या रेषांचा. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. शेवटी ताईचा मेसेज आला: "हा कुठला किल्ला? आणि जिना इतका अरुंद का ठेवलाय?"