मी पडले

आमच्या घरी एक वही आहे. शंभर पानी, रेघांची, कडा दुमडलेली. महत्त्वाच्या कागदांच्या फायलीतच ती ठेवतो, कारण तिच्यात आमच्या दोन्ही मुलांचे शब्द आहेत. पुढे तारीख आणि कोण बोललं ते, बस्स. उंची, वजन, लसी यांच्या नोंदी दवाखान्याच्या कार्डावर असतात. शब्दांची नोंद कोणी ठेवत नाही, आणि ते तर सगळ्यात आधी हरवतात.

पहिली नोंद थोरलीची. ती तेव्हा तीन वर्षांची होती. दाराची बेल वाजली की धावत यायची आणि ओरडायची, "बाबा येला! बाबा येला!"

आधी मला काळजी वाटली होती, कारण हीच पोरगी दोन वर्षांची असताना व्यवस्थित "बाबा आला" म्हणायची. मग आता हे काय झालं? त्या आठवड्यात आणखी बरंच निघालं. "मी चित्र करलं." "आजीने मला देलं." भिंतीवरची मुंगी पडली तेव्हा "मुंगी मरली." मी दरवेळी सांगायचो, येला नाही बाळा, आला म्हण. ती शांतपणे ऐकायची आणि पुढच्या वाक्यात पुन्हा "येला."

एका रात्री ती झोपल्यावर मी तिचे सगळे शब्द एकाखाली एक लिहून काढले, आणि लख्ख उजेड पडला. बसणे, बसला. उठणे, उठला. चालणे, चालला. मग येणे, येला! करणे, करलं. देणे, देलं. मरणे, मरली. हे शब्द घरात कोणीच बोलत नाही, त्यामुळे ऐकून शिकण्याचा प्रश्नच नव्हता. तिने ते स्वतः बनवले होते. दोन वर्षांची असताना ती "आला" नुसतं ऐकून म्हणत होती. तिसऱ्या वर्षी तिला मराठीचा नियम सापडला होता आणि ती तो इमानेइतबारे सगळीकडे लावत होती. चुकत होती ती मराठी, माझी मुलगी नाही.

नंतर कळलं की जगभरातली मुलं हे करतात. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने यावर एक फार गोड प्रयोग केला होता. तिने पक्ष्यासारखा एक काल्पनिक प्राणी काढला आणि मुलांना सांगितलं, हा 'वग'. मग तसे दोन दाखवून विचारलं, आता हे दोन काय? असा शब्द मुलांनी जन्मात ऐकला नव्हता, तरी बहुतेकांनी बरोबर 'वग्ज' असं अनेकवचन केलं. म्हणजे मुलं नुसते शब्द पाठ करत नाहीत, त्यांच्या आत नियमही तयार होतो.

मी लगेच कागद घेतला. पोटाने गोल, तीन पायांचा एक प्राणी काढला. "हा टुमा. आणि आता बघ, दुसरा पण आला. आता हे दोन काय झाले?"

"टुमे," ती म्हणाली. घोडा-घोडे इतक्या सहज. मग चित्राकडे बघून तिच्या कपाळावर आठी पडली. "यांची आई कुठाय?"

"माहीत नाही गं."

तिने माझ्या हातातला खडू घेतला आणि शेजारी त्यांच्याहून मोठा गोल काढला. "ही टुमी. आता रडू नका."

ते पान वहीत चिकटवलेलं आहे.

पण सगळ्यात जास्त मला 'परवा'ने हलवलं. माझी आई आमच्याकडे पंधरा दिवस राहून गावी परत गेली. तिसऱ्या दिवशी थोरलीने विचारलं, आजी कधी गेली? मी म्हटलं, परवा. मग विचारलं, कधी येणार? योगायोगाने आईला एका कामासाठी पुन्हा यायचंच होतं, म्हणून मी म्हटलं, परवा.

ती बराच वेळ गप्प होती. जेवताना गप्प, आंघोळीच्या वेळी गप्प. रात्री अंधारात तिचा आवाज आला.

"बाबा, आजी परवात राहते का?"

मला आधी समजेना. मग उलगडलं. आजी परवा गेली आणि परवाच येणार, म्हणजे परवा हे ठिकाण असणार. जिथे माणसं जातात आणि जिथून येतात. आपण मोठी माणसं हा शब्द मागेही वापरतो आणि पुढेही, आणि आपल्याला कधी खटकत नाही, कारण पुढचं-मागचं आपण वाक्यावरून लावून घेतो. तिच्यापाशी ते वाक्य तोलायचा काटा अजून नव्हता. तिच्यापाशी फक्त आजी होती. मी म्हटलं, "हो, आणि तिथून दोन झोपा झाल्या की येते." तिने बोटं मोजली, एक, दोन, आणि झोपली. तेव्हापासून आमच्या घरात दिवस झोपांवर मोजतात. अजूनही.

आता धाकट्याबद्दल. हा सव्वातीन वर्षांचा आहे आणि त्याचं सगळं बोलणं त्याच्या आईसारखं. "मी येते." "मी दमले." "मी नाही झोपणार, मी खेळते." धडपडला की हात वर करून यायचा, "मी पडले!" येणारेजाणारे हसायचे. कोणी म्हणायचं, अरे मुलगा ना तू? पडलो म्हण. तो गोंधळून आईच्या मागे लपायचा.

मला त्याचं हसू कधीच आलं नाही. त्याच्या दिवसभरात 'मी' म्हणणारं कोण होतं? आई, बहीण, आजी. तिघी "मी आले, मी बसते" म्हणणाऱ्या. 'मी आलो' म्हणणारा घरातला एकच माणूस, आणि तो सकाळी पोरं उठायच्या आत बाहेर पडायचा, रात्री झोपल्यावर घरी यायचा. शब्द कानावर पडल्याशिवाय तोंडात येणार कुठून? त्याच्या "मी पडले" मध्ये माझी गैरहजेरी मला स्पष्ट ऐकू यायची.

मग जिन्यावरून माझा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. ६ आठवडे प्लास्टर.

पहिल्याच दिवशी तो जवळ आला, प्लास्टरवर टकटक केली आणि कान लावून विचारलं, "आत कोण आहे?" मी म्हटलं, माझाच पाय आहे. त्याला पटलं नाही. रात्री त्याने स्वतःचं पांघरूण आणून प्लास्टरवर टाकलं, चहूबाजूंनी नीट खोचलं आणि त्या पायाला म्हणाला, "भिऊ नको हां. मी इथेच बसते."

६ आठवडे आम्ही दोघं एकमेकांच्या समोर होतो. मी दिवसभर काहीबाही बोलायचो. "थांब, जरा टेकतो." "आई गं, उठतो आता." "चल, मी आलोच." तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी बघतो तर हा उशीवर डावा पाय ठेवून, भिंतीला पाठ लावून बसलाय. बहिणीने खेळायला हाक मारली. याने मोठा सुस्कारा सोडला.

"थांब गं. जरा टेकतो."

टेकतो! त्याची आई आतल्या खोलीतून पदराने हात पुसत बाहेर आली, आमच्या दोघांकडे बघितलं आणि काही न बोलता परत गेली. मी कुबडी घेऊन कपाटापर्यंत गेलो, वही काढली.

त्यानंतर शब्द एकेक करून बदलत गेले. आधी 'येते'चं 'येतो' झालं, मग 'खेळते'चं 'खेळतो'. मधेच मागेही जायचे. मी काही सुधारलं नाही, कोणाला सुधारू दिलं नाही. प्लास्टर निघालं, मी कामावर जाऊ लागलो, पण आता वेळ बदलून घेतली आहे. सकाळी पोरं उठतात तेव्हा मी घरात असतो.

गेल्या रविवारी अंगणात तो धावताना आपटला. गुडघा खरचटला होता, खालचा ओठ थरथरत होता. उठला, माती झटकली आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बाबा, मी पडलो. पण रडले नाही."

थोरली सुधारायला तोंड उघडणार तेवढ्यात मी तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.