कोठाराचे कप्पे

आज गावच्या घरातले लाकडी कोठार रिकामे केले. फळ्यांनी पाडलेल्या तीन कप्प्यांपैकी मधल्याच्या तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि मूठभर नाचणी सापडली, आणि ‘कोठार’ हा शब्द किती जुना आहे ते पुन्हा जाणवले. संस्कृतात ‘कोष्ठ’ म्हणजे आतली बंदिस्त जागा, मग ती धान्याची असो, राहण्याची खोली असो किंवा शरीरातली पोकळी असो. त्यातूनच कोठा, कोठडी आणि ‘कोष्ठागारा’चे कोठार झाले. (आरक्षणातला ‘कोटा’ मात्र इंग्रजीमार्गे लॅटिनमधून आलेला, त्याचे याच्याशी नाते नाही.) वैद्यांची बद्धकोष्ठता आणि “कोठा साफ आहे ना?” हा आजीचा रोजचा प्रश्न याच कुळातला आहे, हे मला फार मोलाचे वाटते. नाचणी पुडीत बांधून घेतली आहे.