एपिदावरोसचं तिकीट आणि रविवारची बस

आधी एक गोष्ट कबूल करते. मायसिनीचे अवशेष आणि एपिदावरोसचं प्राचीन थिएटर बघायला ग्रीसच्या ग्रामीण भागात स्वतः गाडी चालवत फिरायचं आमचं ठरलं होतं. त्यासाठी भारतीय लायसन्सबरोबर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढावं लागतं. फॉर्म ४-अ भरायचा, हजार रुपये फी, मुदत एक वर्ष. मी पुण्यात राहते, आरटीओ घरापासून वीस मिनिटांवर आहे, आणि "पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हणत मी तीन आठवडे काढले. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे, पण राग मात्र मी त्या बसच्या वेळापत्रकावरच काढणार.

तर परमिट नाही, म्हणून बस. मी आणि माझी आई, वय ६७, गुडघे कुरकुरणारे. अथेन्सच्या किफिसोस बसस्थानकावरून नाफ्प्लिओला साधारण अडीच तासांत पोचलो. वाटेत कोरिंथचा कालवा लागतो. ज्यांना बघायचाय त्यांनी जागं राहा, पूल येतो आणि जातो. नाफ्प्लिओ हे मुक्कामासाठी उत्तम गाव आहे. १८३४ पर्यंत ही ग्रीसची राजधानी होती. वर पालामिदीचा किल्ला आहे, त्याला ९९९ पायऱ्या असल्याचं गावातले लोक सांगतात. आईने खालूनच नमस्कार केला.

शनिवारी मायसिनी. ते अगदी सुरळीत झालं, म्हणून थोडक्यात सांगते. अथेन्सच्या बसने फिख्ती फाट्यावर उतरायचं, तिथून अवशेष चारेक किलोमीटर. सिंहद्वार इसवी सनापूर्वी १२५० च्या सुमाराचं आहे. ते फोटोत दिसतं त्यापेक्षा जास्त धाक घालतं, आणि सिंहांना डोकीच नाहीत हे तिथे गेल्यावरच नीट कळतं. खाली अत्रेयस या दंतकथेतल्या राजाचं म्हणून सांगतात ते घुमटाचं थडगं आहे. त्याच्या दारावरची आतली शिळा सुमारे १२० टनांची. आई म्हणाली, "ही चढवली कोणी?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. जर्मन उत्खननकार श्लीमनने १८७६ मध्ये इथे खणून काढलेला सोन्याचा मुखवटा मात्र इथे शोधू नका, तो अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

आता रविवार. नोव्हेंबर ते मार्च, महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्रीसमधल्या सरकारी पुरातत्त्व स्थळांना प्रवेश फुकट असतो. हे मी घरूनच हेरून ठेवलं होतं आणि दोन तिकिटं वाचवल्याच्या आनंदात होते. त्याच रविवारी बसगाड्या जेमतेम असतात, एवढा साधा विचार डोक्यात आला नाही.

सकाळी नाफ्प्लिओच्या बसस्थानकावर खिडकीपाशी मी स्पष्ट इंग्रजीत म्हटलं, "एन्शंट एपिदावरोस, दोन." बाईंनी दोन तिकिटं दिली. चूक त्यांची नाही, हे आज शांतपणे लिहू शकते. त्या भागात एपिदावरोस नावाची तीन ठिकाणं आहेत. जिथे ते प्रसिद्ध थिएटर आहे ते अस्क्लेपिओस देवाचं देवस्थान, लिगुरियो गावाजवळ. दुसरं नेआ एपिदावरोस, म्हणजे नवं. तिसरं समुद्राकाठचं गाव, आणि त्याचं नावच अर्खेया एपिदावरोस, म्हणजे प्राचीन एपिदावरोस! पुण्यात येऊन कुणी "वडगाव द्या" म्हटलं, तर कंडक्टर विचारेल तरी, बुद्रुक, शेरी की मावळ? मी तर "प्राचीन" असं नेमकं विशेषण लावून मागितलं होतं आणि मला नेमकं तेच मिळालं.

लिगुरियोजवळ थिएटरची तपकिरी पाटी दिसली. मी उठून ड्रायव्हरला विचारलं, "थिएटर?" तो म्हणाला, "ने, ने." मी खाली बसले.

ग्रीकमध्ये "ने" म्हणजे हो. मला हे माहीत होतं, विमानात वाचलं होतं. पण मराठी कानाला "ने, ने" असं झटक्यात ऐकू आलं की मन आपोआप "नाही, नाही" असंच धरतं. "नाही"साठी त्यांचा शब्द "ओखी", आणि तो म्हणताना मान वर उडवतात, भुवया उंचावतात. जाणाऱ्यांनी घरून निघण्यापूर्वी हे दोन शब्द दहा वेळा घोका.

बस समुद्रापाशी थांबली. छोटंसं बंदर, संत्र्यांच्या बागा, नोव्हेंबरमुळे निम्मी हॉटेलं बंद. थिएटर पंधरा-एक किलोमीटर मागे राहिलेलं. थांब्यावर एक कागद चिकटवला होता. फोनवरच्या भाषांतराने सांगितलं, साडेअकराची बस "रोज" आहे. म्हणून आम्ही बाकावर बसलो. साडेअकरा झाले. बारा झाले. "उशीर असेल," मी म्हटलं. साडेबाराला मी त्या कागदाचा पुन्हा फोटो काढला, जणू आता वेगळं काही छापून आलं असेल.

भानगड अशी की ग्रीकमध्ये "काथिमेरिना" म्हणजे रोज, आणि "काथिमेरिनेस" म्हणजे सोमवार ते शुक्रवार. शेवटच्या दोन अक्षरांवर आमचा अख्खा रविवार गेला. रविवारला "किरियाकी" म्हणतात आणि त्याची वेगळी ओळ खाली होती, बारीक अक्षरात, दुपारी उशिराची एकच गाडी. तिने गेलो असतो तर पोचेपर्यंत फाटक बंद. हिवाळ्यात ही स्थळं लवकर बंद होतात. त्यामुळे वेळा आदल्या दिवशी पाहा आणि लांबचं ठिकाण सकाळी उरका.

आई मधेच दोनदा म्हणाली, "अगं, गावात एक चक्कर मारून येऊ." मी म्हटलं, "आणि तेवढ्यात बस आली म्हणजे?" एकदा तर मी तिच्यावर चिडलेही. शेवटी तीच उठली आणि समोरच्या कॉफीच्या दुकानात गेली. मालक आजोबा होते. त्यांनी न विचारताच पाणी आणून ठेवलं. आईने खुणेने विचारलं, बस? त्यांनी मान वर उडवली. टॅक्सी? "ने, ने," म्हणत त्यांनी लगेच फोन लावला. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "हा नाही नाही म्हणतोय आणि फोन लावतोय. म्हणजे 'ने' म्हणजे हो असणार. मघाशी ड्रायव्हर काय म्हणाला होता गं?"

मी गप्प.

टॅक्सी वाचवलेल्या दोन तिकिटांच्या पैशांहून बरीच महाग पडली. एक मात्र बरं केलं. थांबून परत नाफ्प्लिओला सोडायचं, असं भाडं निघण्यापूर्वीच ठरवून घेतलं. तुम्हीही तसंच करा. परतीच्या बसच्या भरवशावर राहू नका.

आणि थिएटर? त्याबद्दल तक्रार नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं, ५५ रांगांचं. डोंगराच्या उतारात असं बसवलंय की ते बांधलंय असं वाटतच नाही. मी वरच्या रांगेपर्यंत जवळजवळ पळतच गेले, सकाळचा राग पायांतून निघाला. आई पहिल्या रांगेत बसून राहिली. तिला खरा रस पलीकडच्या अवशेषांत होता. थिएटर हे मुळात इस्पितळाचं अंग. अस्क्लेपिओस हा वैद्यकीचा देव, आणि रोगी इथे रात्री एका लांब ओवरीत झोपायचे. स्वप्नात देव येऊन उपचार करायचा किंवा उपाय सांगायचा. बरे झालेल्यांच्या हकिकती दगडांवर कोरून ठेवल्या होत्या. त्यात क्लेओ नावाच्या एका बाईची गोष्ट आहे. ती पाच वर्षं गरोदर होती, इथे झोपली आणि तिला मुलगा झाला. आई त्या ओवरीच्या पायाच्या दगडापाशी उभी राहून म्हणाली, "गुडघ्यांसाठी एक डुलकी काढू का?" तेवढ्यात पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. आम्हाला नाही, एक मुलगा दोरी ओलांडत होता.

रात्री हॉटेलवर आई नकाशाचं पत्रक घेऊन बसली होती. समुद्राकाठच्या त्या गावातही एक प्राचीन थिएटर आहे. लहान, संत्र्यांच्या बागांना लागून, आणि तेही चौथ्या शतकातलं. त्याच्या आसनांवर नावं कोरलेली आहेत. उन्हाळ्यात अजूनही तिथे कार्यक्रम होतात.

"म्हणजे आपण दोन तास त्या बाकावर बसलो होतो," आई म्हणाली, "तिथून हे चालत जाण्यासारखं होतं?"

मी म्हटलं, "ने."