डावीकडून पहिल्या

१३ फेब्रुवारी, रेडिओ दिन. वेणू चितळे यांच्यावर अर्धं पान लावायचं होतं. मजकूर चोख आलेला. शिरोळात जन्मलेली, पुण्यात हुजूरपागेत शिकलेली ही मुलगी महायुद्धाच्या धामधुमीत बीबीसीवर बोलत होती. साडी नेसून ऑफिसला जाणारी, जॉर्ज ऑर्वेलच्या भारतीय कार्यक्रमांत सहकारी, वर रेशनिंगच्या दिवसांत 'किचन फ्रंट' या रेडिओ कार्यक्रमात इंग्रजांना शाकाहारी स्वयंपाक सांगणारी.

सोबत तो १९४२ चा फोटो, 'व्हॉइस' या कवितांच्या कार्यक्रमाचा. बसलेले डावीकडून: वेणू चितळे, तांबिमुत्तू, टी. एस. एलियट, जमैकाच्या ऊना मार्सन, मुल्कराज आनंद, पेम्बर्टन, नारायण मेनन. (ऊनाबाईंनी १९२८ साली जमैकात स्वतःचं मासिक काढलं होतं. त्यांच्यावर कुणी लिहून दिलं तर मी आणखी अर्धं पान भांडून मिळवीन.)

रात्री साडेनऊला जाहिरात आली. ती नेहमी साडेनऊलाच येते. पाच कॉलमचा फोटो चार कॉलमचा करायचा. फोटो नुसता दाबला तर माणसं लांबुडकी होतात, म्हणून कडेनं कापावा लागतो. जाहिरात डावीकडे बसणार होती, ऑपरेटरनं डावीकडून कापला. मी प्रिंट पाहिली. कॅप्शन दोन ओळींत बसतंय का, शेवटच्या ओळीत एकटा शब्द लोंबकळतोय का, सगळं पाहिलं. चेहरे मोजले नाहीत.

बसलेले चेहरे सहा, नावं सात. प्रत्येक नाव एकेक घर सरकलं.

सकाळी पहिला फोन एका आजोबांचा. "ताई, एलियट बाई होते हे आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि आमच्या शिरोळच्या वेणूताई पुरुष?"

जिच्यासाठी पान, नेमकी तीच कापली. तिच्या नावाखाली तांबिमुत्तू. ऑपरेटरला बोल लावण्यात अर्थ नाही, शेवटची सही माझी. दुसऱ्या दिवशी सातव्या पानावर दोन ओळींचा खुलासा गेला, फोटोशिवाय. पूर्ण फोटो परत छापू म्हटलं तर "जागा कुठाय?" जाहिरातीला असते.

आठवड्यानं एका शाळेतल्या बाईंचा व्हॉट्सअॅप आला. आमचं पान फलकावर चिकटवलंय, कॅप्शनसकट, भोवती रांगोळीच्या रंगांची चौकट. खाली लिहिलंय, 'मुलींना फार आवडलं.'

त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.