फ्रिजच्या कारखान्यातल्या नोकऱ्या जातात कुठे?

"घरगुती उपकरणांच्या कारखान्यांतल्या नोकऱ्या कुणी नेल्या, चीननं की रोबोंनी?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. दोन्हींत तथ्य आहे, पण मोठ्या उपकरणांच्या बऱ्याच नोकऱ्या शेजारच्याच देशात गेल्या.

फ्रिज आतून पोकळ असतो. तो जहाजानं दूरवर पाठवायचा म्हणजे हवेचंच भाडं भरायचं. इस्त्री किंवा मिक्सरचं तसं नाही. त्यामुळे मोठ्या वस्तूंसाठी कंपन्या बाजारपेठेला लागून असलेला, पण मजुरी कमी असलेला देश शोधतात: अमेरिकेसाठी मेक्सिको, पश्चिम युरोपसाठी पोलंड आणि तुर्कस्तान. 2006 मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीनं अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला ग्रीनव्हिलचा फ्रिजचा कारखाना बंद करून काम मेक्सिकोतल्या हुआरेझला नेलं. सुमारे 2,700 जणांच्या नोकऱ्या गेल्या, आणि गावाची वस्ती जेमतेम आठ हजारांची. त्याच वर्षी जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या, इलेक्ट्रोलक्सच्याच एईजी कारखान्यातले कामगार कारखाना बंद होणार म्हणून संपावर गेले. भरपाई वाढवून मिळाली, पण कारखाना वाचला नाही. काम पोलंडला गेलं.

यंत्रांचं म्हणाल, तर पत्रा कापणं-वाकवणं, आतली प्लास्टिकची पेटी तयार करणं, दोन भिंतींमध्ये फोम भरणं ही कामं बऱ्याच ठिकाणी त्यांच्याकडे गेली आहेत. माणूस उरलाय तो वायरी ओवायला, दाराचं रबर खाचेत दाबून बसवायला. वायर लवचीक, दर वेळी वेगळी वळते, त्यामुळे यंत्राला ते जमवणं अवघड जातं. कमी मजुरीच्या देशाकडे सरकतं ते प्रामुख्यानं हेच हाताचं काम.

आयातशुल्क लावून नोकऱ्या परत आणता येतात का? येतात, पण थोड्या आणि फार महाग. 2018 मध्ये अमेरिकेनं वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. सॅमसंग आणि एलजी यांचं उत्पादन तिथे सुरू झालं, आणि अर्थतज्ज्ञांच्या हिशेबानं एकूण सुमारे 1,800 नोकऱ्या वाढल्या. पण मशीन जवळपास 12 टक्क्यांनी महागली. ज्यावर शुल्क नव्हतं तो ड्रायरही महागला, कारण दोन्ही वस्तू जोडीनं घेतल्या जातात. एका नोकरीमागे ग्राहकांना वर्षाला आठ लाख डॉलरहून जास्त भुर्दंड पडला. एवढ्या पैशात काम गेलेल्यांना कितीतरी चांगला आधार देता आला असता, असं मला मनापासून वाटतं.

नोकऱ्या जिथे गेल्या त्या देशाबद्दल मात्र मला कुणी विचारत नाही. पोलंड घरगुती उपकरणांचा युरोपीय संघातला सर्वांत मोठा उत्पादक झाला. आणि 2024 मध्ये बेको युरोप या उपकरणं बनवणाऱ्या कंपनीनं तिथल्याच वूज शहरातलं उत्पादन आणि व्रोत्सवाफ शहरातला फ्रिजचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं. सुमारे 1,800 कामगारांच्या नोकऱ्यांचा प्रश्न. म्हणून कुठे नवा कारखाना येतोय असं कळलं, की मी नोकऱ्यांच्या आकड्याआधी हे बघते: कंप्रेसर, मोटर, साचे तिथेच बनणार आहेत, की फक्त जुळणी होणार आहे?